ऑटोमॅटिक गाडीचं टायमिंग (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते) गिअर ‘डी’मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, ठेवून लावायचं की न्यूट्रलमध्ये?

भाऊ, बॉनेटखालचं स्टिकर सांगेल तसं. काही जुन्या ऑटोमॅटिकला ‘डी’च लिहिलेलं असतं, कारण न्यूट्रलमध्ये आरपीएम चढून डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) वजनं उघडली, तर ठिणगी लवकर पडते आणि पुलीवरची टायमिंगची खूण खोटी दिसते. ‘डी’ असेल तर हँडब्रेक ओढा, चाकांपुढे दगड लावा, ब्रेकवर माणूस बसवा. तुम्ही मात्र बाजूला उभे राहा, समोर नाही!

इंजिन गरम हवं. स्टिकर म्हणत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूमचा पाइप काढून पाइपचं तोंड बंद करा. आपल्याकडचे मिस्त्री हे हमखास सोडतात. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) एक नंबर सिलिंडरच्या प्लगवायरला. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून पुलीची खूण स्टिकरवरच्या अंशाशी जुळवा, बोल्ट कसा, परत बघा, कसताना हलतं. यवतमाळकडच्या मे महिन्यात चढावर इंजिनातून टकटक आलीच, तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल.