मोदकाचा साचा आणि अकरावीचं गणित

सिंहगड रोडवरून एका आईचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला. गेल्या वर्षी तिच्या आजोबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाचं, सलाईन लागतं, आणि प्रत्येक वेळी शीर सापडेपर्यंत हात काळानिळा होतो. हे औषध कातडीवर चिकटवायच्या, बारीक सुयांच्या पट्टीतून देता येईल असं मुलीने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. आई लिहितात: "नीट नको, 'पट्टीचं शिकायचंय' म्हणते. तिचे बाबा म्हणतात, क्लासचे दीड लाख भरलेत, आधी नीट दे. क्लासवाले म्हणतात, गणित सोडा, बायोला वेळ मिळेल. पट्टीचा कोर्स पुण्यात कुठे आहे? स्कोप आहे का? आणि हो, मोदकाच्या साच्यात साखरेचा पाक ओतून ती 'सुया' काढत बसते, माझा ओटा चिकट होतो, त्याचं काय करू तेही सांगा."

ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. ओट्याची. तिच्याकडे येतोच, पण आधी कोर्सचं उरकून घेऊ: पट्टीचा कोर्स नसतो. उद्या कुणी त्या नावाची पाटी लावलीच, तर फी भरण्याआधी मला फोन करा. माझ्याकडे येणाऱ्यांत एक मुलगा होता. एका संस्थेच्या डिग्रीच्या नावात 'नॅनो' आहे एवढं बघून त्याने प्रवेश घेतला. चार वर्षांनी मुलाखतीला गेला, तर समोरच्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "म्हणजे तुम्ही केमिस्ट्रीचे की फिजिक्सचे?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आता पट्टीबद्दल. घरात आजारपण चालू आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कॅन्सरच्या इम्युनोथेरपीची अशी पट्टी आज दवाखान्यात मिळत नाही. २०१६ साली अमेरिकेत झेन गू या संशोधकांच्या गटाने मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, झालेल्या उंदरांवर ती लावून पाहिली आणि परिणाम चांगला आला. पण उंदरापासून आजोबांपर्यंतचं अंतर फार मोठं असतं. त्यात मात्रेचा घोळ आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरला वापरतात त्यातलं एक औषध, पेम्ब्रोलिझुमॅब, दर तीन आठवड्यांना २०० मिलिग्रॅम देतात. नखाएवढ्या पट्टीच्या सुयांमध्ये फार तर काही मिलिग्रॅम मावतं. म्हणजे सलाईनची बाटली काढून तिच्या जागी पट्टी लावली, असं होणार नाही. त्वचेवरच्या गाठीवर नेमकं तिथल्या तिथे औषध सोडायचं, किंवा लशीसारखं थोडक्या मात्रेत शरीराला शिकवायचं, अशा कामांना ती जास्त शोभते. मेलानोमा आपल्याकडे तसा कमीच. आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर जास्त, आणि तोंडाच्या आत लावायच्या सुयांवरही काम चालू आहे. हे मुलीला जरूर सांगा, तिला ते आवडेल.

मग कातडीच का? कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर केसापेक्षाही पातळ असतो, पण औषध अडवायला तेवढा पुरतो. त्याच्या खालीच पहारेकऱ्यांसारख्या पेशी बसलेल्या असतात. आत आलेलं काहीही उचलून त्या जवळच्या गाठींमध्ये, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, नेऊन दाखवतात. या पेशी पहिल्यांदा पाहिल्या पॉल लँगरहान्स यांनी, १८६८ साली, बर्लिनमध्ये. वय २१, अजून वैद्यकीचे विद्यार्थीच. त्यांना त्या मज्जासंस्थेच्या पेशी वाटल्या, म्हणजे साफ चुकलं, तरी नाव त्यांचंच राहिलं. सुई एक मिलिमीटरपेक्षा लहान ठेवली की ती या थरापर्यंत पोचते आणि दुखतही फारसं नाही. गोवर-रुबेलाची लस अशा पट्टीतून देण्याची चाचणी गांबियात लहान मुलांवर झाली. तिचे निकाल २०२४ मध्ये आले आणि ते आशादायक आहेत. त्यामुळे 'स्कोप'चं म्हणाल, तर आधी लशींची पट्टी येईल, कॅन्सरची तिच्या मागून.

आता ओटा.

खव्याचे मोदक साच्यातून काढताना टोक आतच अडकतं आणि वर बोडका मोदक येतो, हे तुम्ही दर गणपतीत बघता. सारण नीट दाबलं नाही की टोकाशी हवा राहते. ही पट्टी करणाऱ्यांचं निम्मं आयुष्य याच भानगडीत जातं. सिलिकॉन रबराच्या साच्यात लेझरने शेकडो खळगे पाडायचे, एकेक खळगा केसाएवढ्या टोकाचा. त्यात औषध मिसळलेलं द्रावण ओतायचं. ते आपण होऊन टोकापर्यंत जात नाही, म्हणून हवा खेचून घ्यायची किंवा साचा गरगर फिरवायचा. मग वाळवायचं. घाईत वाळवलं तर सुया वाकतात, हवेत दमटपणा असला तर मऊ पडतात आणि कातडीत न शिरता मुडपतात. जुलैत पुण्यात पापड वाळवून बघा, तसंच. साखरेचा पाकही वेडेपणा नाही. माल्टोज नावाच्या साखरेच्या सुया संशोधकांनी खरोखर करून पाहिल्यात.

तुमची मुलगी पाक ओतते, टोक मोडतं, ती पुन्हा ओतते. पत्र मी तीनदा वाचलं. कॅन्सर शरीरात कसा पसरतो, हे तिने विचारल्याचं त्यात कुठेच नाही. तिचा जीव सुईत अडकलाय. आजोबांचा हात हे निमित्त असेल, पण तिचे हात चाललेत ते साच्यापाशी. म्हणून डॉक्टरकीचा आग्रह मी धरणार नाही. एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग एमडी, मग कॅन्सरच्या औषधोपचारातलं डीएम, हा रस्ता उत्तम आहे. पण तो पेशंटपाशी बसण्याची ओढ असणाऱ्याचा.

तिच्यासाठी मला दोन वाटा दिसतात. पहिली बी.फार्म.ची. चार वर्षं, प्रवेश एमएचटी-सीईटीतून, पुण्यात कॉलेजं भरपूर. मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्मास्युटिक्समध्ये एम.फार्म. औषध नेमकं कुठल्या रूपात शरीरात जाईल, गोळी, मलम की पट्टी, हे ठरवणाऱ्या कामाला फॉर्म्युलेशन म्हणतात, आणि ते इथे शिकवतात. पट्टी नाही आली तरी नोकरी उपाशी ठेवत नाही. हडपसरपासून हिंजवडीपर्यंत लशी आणि औषधांच्या कंपन्या पसरल्यात. दुसरी वाट आयसरची, म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र चालणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, पाषाणला. बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस. ही वाट संशोधनाची, लांबची, आणि हातात पगार उशिरा देणारी. पीएच.डी.ला नेट-जेआरएफ ही सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. लग्नकार्यात "मुलगी काय करते?" याला "अजून शिकतेय" असं तिशीच्या उंबरठ्यापर्यंत सांगायची तयारी ठेवा. बाबांनाही विचारा, तयारी आहे का.

माझं मत? गणित शाबूत असेल तर आयसरची परीक्षा द्यावी, आणि बी.फार्म. भरवशाचं म्हणून हाताशी ठेवावं.

म्हणूनच गणित सोडू देऊ नका. क्लासवाल्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना नीटचे निकाल लावायचेत. आयसरच्या परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विषयांना सारखेच प्रश्न असतात. गणित सोडलं की तिथे चौथा हिस्सा गेला, इंजिनिअरिंगची बहुतेक दारंही बंद. बी.फार्म.ला गणिताशिवाय चालतं हे खरं, पण पुढे पट्टीतून तासाला किती औषध सुटतं हे काढायला बसली की तिला कॅल्क्युलस लागणारच. आत्ता कंटाळवाणं वाटत असेल, तर विषय बदलण्याआधी शिकवणारे बदलून बघा.

दीड लाखांचं ओझं बाबांनी डोक्यावरून उतरवावं. नीटसाठी केलेलं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सीईटीलाही चालतं आणि आयसरलाही. नीट द्यायची तर देऊ दे, फक्त नीटसाठी वर्ष गाळायचं नाही, हे आजच ठरवून टाका. रिपीटर बॅचची जाहिरात निकालाच्या संध्याकाळीच व्हॉट्सअॅपवर येते.

एक सोपं काम सांगतो. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, एनसीएल, तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, आणि तिथे पॉलिमरवर, म्हणजे अशा सुया ज्यांच्यापासून करतात त्या प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थांवर, मोठं काम चालतं. २६ सप्टेंबरला सीएसआयआरचा, म्हणजे एनसीएल जिच्या छत्राखाली येते त्या संस्थेचा, स्थापना दिवस असतो. त्या सुमारास विद्यार्थ्यांना आत जाऊ देतात का, याची चौकशी करा आणि तिला घेऊन जा. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथे कॅन्सर आणि प्रतिकारशक्ती, दोन्हींवर संशोधन होतं. तिथलंही विचारा. दोन्हीकडून परत आल्यावर जेवताना ती कशाबद्दल बोलते तेवढं ऐका, तुम्ही काही विचारू नका. पेशींबद्दल बोलली, तर वरचं माझं अनुमान चुकलं असं समजा आणि मला कळवा.

आणि साच्याचं. जुना प्लॅस्टिकचा साचा तिला देऊन टाका, गणपतीसाठी नवा आणा. पाकाऐवजी चायना ग्रास घट्ट करून ओतायला सांगा, वाळल्यावर ते किती आकसतं तेही तिला कळेल. प्रत्येक वेळी काय ओतलं, किती वेळ वाळवलं, दहातली किती टोकं शाबूत आली, हे वहीत लिहायचं. ओटा तिनेच पुसायचा. पाच-सहा पानं भरली की त्या पानांचे फोटो मला पाठवा. पुढचं पत्र मात्र तिने स्वतः लिहायचं.