कुलूप आधी उघडा

पत्र : मुलगा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोटर, ट्रान्सफॉर्मर सोडून प्रयोगशाळेत वीजवापर मोजून मोबाइलवर दाखवणारे स्मार्ट प्लग आणि त्यांचे आकडे चाललेत. गुण घसरले, म्हणून त्याचं सगळं सामान मी कपाटात कुलूपबंद केलं. 'कॉम्प्युटर शाखेत जा' म्हटलं, तर बोलणंच बंद. काय करू?

उत्तर : गुणांचं सोडा. दुसऱ्या वर्षी सर्किट्स आणि गणित एकदम अंगावर येतं, अनेकांचे गुण घसरतात. मला खटकलं ते कुलूप. जाणत्या मुलाचं काम कोंडून ठेवायचं आणि वर तो बोलत का नाही म्हणून विचारायचं? शाखा तुम्ही परस्पर ठरवलीत. त्याला काय आवडतं याबद्दल अख्ख्या पत्रात अवाक्षर नाही.

मोबाइलवर दिसतं ते सगळं सॉफ्टवेअर, हा समजही काढून टाका. प्लगच्या आत रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच असतो, व्होल्टेज-करंट मोजणारी चिप असते, वायफाय त्यानंतरचं. त्याला एखादा छोटा चार्जर लावा. व्होल्ट गुणिले अँपिअर केल्यावर येणारा आकडा प्लग दाखवतो त्या वॅटपेक्षा, म्हणजे खऱ्या वीजवापरापेक्षा बराच मोठा निघतो. कारण हा चार्जर साइन लहरीप्रमाणे करंट घेत नाही, व्होल्टेजच्या शिखरापाशी झटक्यात ओढतो. फळ्यावर 'कॉस फाय', म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्यातल्या कोनाचा कोसाइन घोकलेला मुलगा इथे तो कोन शोधत बसतो आणि हार्मोनिक्सपाशी, म्हणजे मूळ लहरीच्या पटीतल्या वारंवारतेच्या लहरींपाशी पोचतो. हे अस्सल इलेक्ट्रिकल आहे!

आता कॉलेजला विचारण्यासारखं. मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या साधारण 5 ते 7 पट करंट घेते. सेकंदाला एकदा आकडा देणाऱ्या प्लगला तो झटका बहुतेक वेळा दिसतच नाही. शेजारी लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आणि वॉटमीटर ठेवून पडताळा घेतात का? प्लग आणून मोटरच हटवली असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे.

सामान आजच परत द्या. मात्र त्यात मेनवर, म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारा, झाकण काढलेला प्लग असेल, तर तो कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, देखरेखीखाली वापरू द्या. अशा बऱ्याच प्लगमध्ये आतला 3.3 व्होल्टचा भागही मेनपासून विलग नसतो. तिथे बोट लागलं तर जिवावर बेतेल, लॅपटॉप जोडला तर तोही जळेल.

पदव्युत्तर प्रवेश, सरकारी भरती वगैरे परीक्षांचं शेवटच्या वर्षाच्या आधी पाहू. शाखा बदलायची की नाही, यावर तुमच्याशी बोलणार नाही. त्याला हवं असेल, तर पुढचं पत्र त्याने लिहावं.