कव्हर बघताच गाणं ऐकू यायला हवं

तू पाठवलेलं तुमच्या अल्बमचं कव्हर पाहिलं. कवटी, ज्वाळा, रक्ताळलेली अक्षरं, आणि आत काय, तर संथ, थंडगार पोस्ट-पंक, पंक रॉकमधून निघालेलं संगीत! हेवी मेटल ऐकणारा हौसेने उचलेल आणि घरी जाऊन शिव्या घालेल.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश पोस्ट-पंक बँडचा १९७९चा अल्बम ‘अननोन प्लेझर्स’ बघ. खगोलशास्त्राच्या कोशातला पल्सारच्या (ठरावीक ठोक्याने लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) रेडिओ लहरींचा आलेख डिझायनर पीटर सॅव्हिलने उलटवला: पांढऱ्यावरच्या काळ्या रेषा काळ्यावर पांढऱ्या केल्या, बस्स. पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा नाही. मूळ कव्हरचा कागदही खरबरीत. बोट फिरवलं की त्या गाण्यांतला कोरडा एकटेपणा हाताला लागतो. (आता तेच चित्र टी-शर्टांवर छापून छापून गुळगुळीत झालंय, ते सोड.)

तू आधी ते चकचकीत लॅमिनेशन रद्द कर. मग ज्वाळा काढ. फॉन्ट एकच ठेव, बारीक.