जपानी अक्षर सुधारायचंय? आधी फाँट बघा

(या वेळी प्रश्नपेटीत जपानी हस्ताक्षरावर बरेच प्रश्न आलेत, त्यामुळे सगळे एकत्रच घेतेय. नावं मुद्दाम छापत नाही.)

प्रश्न : ताई, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची माझी पहिली पायरी एन-फाइव्ह झाली, आता पुढच्या एन-फोरची तयारी चालू आहे. क्लासमधल्या मॅडमनी वहीत माझ्या 'की' आणि 'सा' दोन्हीवर लाल गोल केले. मी तर मोबाईलवर दिसतं तस्संच काढलं होतं, अगदी झूम करून! मग चुकलं कुठे?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : झूम करून काढलंस तिथेच गोची झाली बघ. मोबाईलवर दिसतं ते छापील अक्षर, आणि जपानीत छापील अक्षर नि हाताचं अक्षर यात फरक असतो. हिरागाना या जपानीच्या मूळ उच्चार-लिपीतला 'की' घे. दोन आडव्या रेघा, त्यांना छेदून खाली उतरणारी तिरकी तिसरी, आणि मग पेन उचलून खाली वेगळी काढलेली वाकडी चौथी. हाताने लिहिताना ही तिसरी आणि चौथी सुटी असते, पण बऱ्याच फाँटमध्ये त्या जोडून टाकलेल्या असतात त्यामुळे 'की' तीनच रेघांचा वाटतो. 'सा'चं तेच, 'री'चंही तेच, 'री' हाताने लिहिताना म्हणजे दोन सुट्या रेघा, डावी छोटी आणि उजवी लांब.

आपल्याकडे मोबाईलवर 'ल' आणि 'श' बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात, म्हणून काय आपण वहीत तसे काढतो का? नाही ना, शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला पाकळीचा 'ल' हातात बसलेला असतो. तुझ्या हातात अजून काही बसलेलं नाही, त्यामुळे जे समोर दिसेल ते तू उचलणार, म्हणून समोर काय ठेवायचं ते महत्त्वाचं.

साधारण तीन प्रकार लक्षात ठेव. मिन्चो म्हणजे पुस्तकं-वर्तमानपत्रांतला, आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड, आणि आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला एक बारकासा त्रिकोण (काही मुलं तो त्रिकोणसुद्धा इमानेइतबारे काढतात!). गोथिक म्हणजे मोबाईल आणि पाट्यांवरचा, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. आणि तिसरा क्योकाशो, म्हणजे जपानी शाळांच्या पाठ्यपुस्तकातला, जो हाताच्या अक्षराला सगळ्यात जवळचा. गिरवायचा तो हाच. विंडोजमध्ये जपानी भाषा टाकलीस की 'यूडी डिजिटल क्योकाशो' नावाचा फाँट मिळतो, त्यात तुझ्या धड्यातले शब्द मोठ्या साइझमध्ये टाईप कर, प्रिंट काढ, झालं.

अजून एक, हे फार जणांना माहीत नसतं. फोनच्या भाषांच्या यादीत जपानी नसेल तर काही कानजी (चिनीतून जपानीत आलेली अक्षरं) चिनी वळणाच्या दिसू शकतात, कारण कॉम्प्युटरच्या लेखी अक्षराच्या चिनी आणि जपानी रूपांना बऱ्याचदा कोड एकच असतो, कुठलं रूप दाखवायचं ते फोन ठरवतो. 'नाओसु' (दुरुस्त करणे) मधली कानजी बघ, जपानीत तिच्या डाव्या बाजूने एक उभी रेघ उतरून खाली उजवीकडे वळते, चिनी रूपात ती रेघ नसतेच, खाली नुसती सरळ आडवी रेघ असते. तेव्हा आज सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश-मराठीच्या खाली जपानी ॲड कर आणि मग परत बघ.

प्रश्न : मॅम, एकेक अक्षर सुटं लिहिलं तर छान येतं, पण अख्खी ओळ लिहिली की कोंबडीचे पाय. आयटीत आहे, लिहायची सवय मोडलीये हे मान्य, पण मराठी अक्षर माझं अजूनही बरं आहे, मग जपानीच असं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मराठी अक्षर बरं आहे म्हणूनच! आपला हात शिरोरेघेला अक्षर टांगायला शिकलेला असतो. वरची रेघ सरळ असली की खाली कोण किती लोंबतंय याकडे कुणी बघत नाही. जपानीत वर रेघच नाही, तिथे प्रत्येक अक्षराला एक अदृश्य चौकोन असतो आणि अक्षर त्या चौकोनाच्या मधोमध बसतं. तुम्ही नकळत सगळ्या अक्षरांची डोकी एका पातळीत आणताय, म्हणून छोटी अक्षरं वर उडालेली दिसतात आणि ओळ नाचते.

उपाय स्वस्त आहे. आपली गणिताची चौकटीची वही घ्या, आडव्या दोन आणि उभ्या दोन अशा चार चौकटी मिळून एक घर धरा. मध्ये आपोआप अधिकचं चिन्ह तयार होतं, जपानी मुलांच्या सरावाच्या वहीत अशाच तुटक रेघा छापलेल्या असतात. आता कुठलंही अक्षर लिहायच्या आधी नमुन्यात बघा की त्याची कुठली रेघ मधल्या उभ्या रेषेवर येते, कुठली डाव्या वरच्या घरात सुरू होते, आणि मगच पेन टेकवा.

दुसरं, आणि माझ्या मते ओळ सुधारायला याच्याइतकं लवकर काहीच उपयोगी पडत नाही, काना, म्हणजे हिरागाना आणि परदेशी शब्दांसाठीची काताकाना या उच्चार-लिप्यांची अक्षरं, थोडे लहान काढा. कानजी मोठी, हिरागाना-काताकाना तिच्यापेक्षा जरा लहान. 'वाताशि वा' लिहिताना 'वाताशि'ची कानजी जेवढी, तेवढाच 'वा' काढला तर ओळ ठोकळ्यांची वाटते. बाकी कुठलंही अक्षर न सुधारता नुसतं एवढं करून बघा आणि जुन्या पानाशेजारी ठेवा.

मग रेघांमधलं अंतर. ज्या कानजीत तीन-चार आडव्या रेघा एकाखाली एक येतात तिथे मधल्या फटी सारख्या ठेवायच्या, आणि सगळ्या रेघा सारख्या लांब नाही काढायच्या, सहसा एखादीच लांब असते. आडव्या रेघा उजवीकडे किंचित वर चढलेल्या चालतात, उलट हाताने लिहिलेल्या अक्षरात तेच बरं दिसतं, पण चढ सगळ्यांचा सारखा हवा.

छोट्या 'त्सु'ला आणि छोट्या 'या-यु-यो'ला स्वतंत्र घर द्यायचं, आडवं लिहिताना ते घराच्या डावीकडे खाली बसतात आणि उभं लिहिताना उजवीकडे वर. निबंधाच्या जपानी कागदावर (गेन्को योशी, वीस गुणिले वीस म्हणजे ४०० घरं) पूर्णविरामालासुद्धा आपलं घर असतं. आणि काताकानात नाव लिहिताना दीर्घ उच्चाराची जी आडवी दांडी येते ती उभ्या लिखाणात उभी करायची, हे विसरून लोक नावाच्या मध्ये आडवी रेघ मारून मोकळे होतात.

प्रश्न : काताकानाचे 'शी' आणि 'त्सु', 'न' आणि 'सो'. बस, एवढाच प्रश्न आहे.
– वैतागलेला, कोल्हापूर

उत्तर : समजलं! 'शी'च्या दोन बारक्या रेघा डाव्या कडेला एकाखाली एक, आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या दोन बारक्या रेघा वरच्या कडेला शेजारी शेजारी, आणि लांब रेघ वरून खाली येते. 'न' म्हणजे एक बारकी रेघ कमी केलेला 'शी', 'सो' म्हणजे एक कमी केलेला 'त्सु'. आठवत नसेल तर हिरागानाचे 'शी' आणि 'त्सु' डोळ्यासमोर आणा, हिरागानाचा 'शी' डाव्या कडेने खाली उतरून वर वळतो, 'त्सु' वरच्या कडेने जाऊन खाली वळतो, काताकानाच्या रेघा त्याच वाटेने जातात. नुसती कोनाची घोकंपट्टी करू नका, लांब रेघ कुठून सुरू होते तेवढं पक्कं करा.

प्रश्न : स्ट्रोक ऑर्डर खरंच पाळायची का? शेवटी अक्षर दिसतं तर सारखंच.
– बी.ए.चा विद्यार्थी, औरंगाबाद

उत्तर : सारखं दिसतं ते सावकाश लिहिताना. भरभर लिहायला लागलास की पेन पूर्ण उचललं जात नाही, एका रेघेच्या शेवटापासून दुसरीच्या सुरुवातीकडे हलकासा धागा ओढला जातो, आणि तो धागा कुठून कुठे जातो ते क्रमावर ठरतं. क्रम चुकला की भलतीकडेच धागे निघतात आणि जपानी माणसाला ते अक्षर वाचायला जड जातं. ज्याला ग्योशो म्हणतात, म्हणजे जपानी लोकांचं रोजचं थोडं जोडून लिहिलेलं वळण, ते यातूनच येतं.

नियम फार नाहीत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी-उभी एकमेकींना छेदत असतील तर सहसा आडवी आधी, बाहेरचा चौकोन आधी पण त्याचा तळ सगळ्यात शेवटी, आणि अक्षराच्या मधून आरपार जाणारी रेघ शेवटी. अपवाद आहेत. 'उजवा' आणि 'डावा' या दोन कानजींचा वरचा भाग डोळ्यांना सारखाच दिसतो, पण 'उजवा'मध्ये तिरकी रेघ आधी आणि 'डावा'मध्ये आडवी आधी. 'बाई' ही कानजी तीन रेघांची, तिचा क्रम म्हणजे हिरागानाचा 'कु', काताकानाचा 'नो' आणि 'इची' म्हणजे एक, कु-नो-इची म्हणत लिही, चुकणार नाहीस.

पण याचा बाऊही नको. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली तेव्हाच्या ८८१ शालेय कानजींचा क्रम ठरवून दिला, तो शाळेत शिकवताना गोंधळ नको म्हणून, आणि दुसरे चालत आलेले क्रम चूक आहेत असं त्यांनी म्हटलेलं नाही. कॅलिग्राफीवाले काही अक्षरं वेगळ्या क्रमाने लिहितात. आपण शिकणाऱ्यांनी मात्र शाळेचा एकच धरावा.

प्रश्न : मी प्रत्येक कानजी शंभर-शंभर वेळा लिहिते, वह्याच्या वह्या भरल्या, पण चार दिवसांनी आठवत नाही, आणि अक्षरही पहिल्या ओळीत बरं आणि शेवटच्या ओळीत वाईट! आणि जेएलपीटीत तर लिहायचं नसतंच, मग सोडून देऊ का?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : शंभर वेळा लिहिणं आधी बंद करा. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तुम्ही नमुन्याकडे बघतच नसता, स्वतःच्याच वरच्या अक्षराची नक्कल करत असता, त्यामुळे पहिल्या अक्षरातली चूक खाली उतरत जाते आणि वाढत जाते. त्यापेक्षा नमुना बघून तीनदा लिहा, वही झाका, आठवून एकदा लिहा, परत नमुन्याशी ताडून कुठली एक गोष्ट बिघडली ते बघा, एकच. मग दुसऱ्या दिवशी न बघता लिहा. अक्षर तुकड्यांनी लक्षात ठेवा, 'विश्रांती'ची कानजी म्हणजे डावीकडे माणूस, उजवीकडे झाड, तेवढं कळलं की सहा रेघा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

जेएलपीटीचं म्हणाल तर खरंय, ती सगळी पर्याय निवडायची परीक्षा आहे, नुसत्या सर्टिफिकेटसाठी लिहिणं सोडलं तरी पास व्हाल. पण ज्यांना लिहिता येत नाही तेच सारख्या दिसणाऱ्या कानजींत फसतात हे मी वर्गात सारखं बघते. लिहिण्याचीच परीक्षा हवी असेल तर जपानी लोक स्वतः देतात ती कानजी केन्तेई आहे, तिची सगळ्यात खालची दहावी पायरी ८० कानजींची, पहिलीच्या मुलांची. सुरुवात म्हणून मस्त.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे, तिला जपानी कॅलिग्राफीची आवड लागलीये. जमेल ना? आणि पेन-पेन्सिल काय घेऊ?
– एक आई, ठाणे

उत्तर : पेन्सिलने लिहायला काहीच अडचण नाही. आडवी रेघ तिला ओढण्याऐवजी ढकलावी लागेल, त्यामुळे सुरुवातीला थरथरेल, कागद जरा तिरका ठेवू द्या. उभ्या लिखाणात तर तिचा फायदाच, ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात त्यामुळे लिहिलेल्यावर तिचा हात फिरत नाही, तिथे उजव्या हाताच्या लोकांची बाही काळी होते. ब्रशचं मात्र वेगळं आहे, ब्रशच्या रेघेची सुरुवात आणि शेवट उजव्या हाताच्या हिशोबाने ठरलेले आहेत आणि बरेच शिक्षक डावखुऱ्यांनाही ब्रश उजव्या हातात द्यायला सांगतात. मी सक्ती करणार नाही, तिलाच दोन्ही हातांनी करून बघू द्या.

पेन्सिल टू-बी घ्या, एच-बी नको. जपानी शाळांतही लहान मुलांना मऊ पेन्सिलच चालते, कारण तोमे (रेघ थांबवणे), हाने (टोकाला उडवणे) आणि हाराई (निमुळती सोडणे) हे तिन्ही हाताच्या दाबावर आहेत आणि कडक पेन्सिलीत दाब दिसतच नाही. जेल पेन गुळगुळीत कागदावर पळतं, ते नंतर.

प्रश्न : आम्ही निशी-कासाईला राहतो, मुलगा इथल्या जपानी शाळेत पहिलीत आहे. त्याने 'झाड' कानजी लिहिताना मधल्या उभ्या रेघेचं टोक किंचित उडवलं म्हणून मार्क कापला. ऑफिसमधले जपानी सहकारी म्हणतात दोन्ही चालतं. शाळेत जाऊन बोलू का?
– एक बाबा, तोक्यो

उत्तर : सहकारी बरोबर आहेत. २०१६ साली जपानच्या बुन्काचोने, म्हणजे सांस्कृतिक खात्याने, याच विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यात स्पष्ट आहे की हाताने लिहिताना 'झाड'चं टोक थांबवलं काय नि उडवलं काय, दोन्ही बरोबर. रेइवा या नव्या कालखंडाच्या नावातली पहिली कानजीसुद्धा छापील वळणाने आणि हाताच्या वळणाने, दोन्ही रूपांत मान्य आहे. पण जिथे लांबीने अक्षरच बदलतं तिथे सूट नाही, 'माती'च्या दोन आडव्या रेघांपैकी खालची लांब, वरची लांब केलीत की ती 'बुशी' (योद्धा) या शब्दातली कानजी होते.

तरीही पहिलीच्या बाईंशी वाद घालू नका असं मी म्हणेन. वर्गात त्या पाठ्यपुस्तकातलं एकच रूप शिकवत असतात आणि त्याचेच मार्क असतात, त्याला या वर्षी ८० कानजी करायच्यात, पुढच्या वर्षी १६०, तिसरीत ब्रश हातात येईल तेव्हा ही थांबवण्या-उडवण्याची शिस्त त्याच्या कामी येईल. पुढे मोठ्या वर्गातही असेच मार्क जायला लागले तर मात्र पुस्तिका घेऊन जरूर जा, बुन्काचोच्या साइटवर ती फुकट मिळते.