एकटी गाढवीण आणू नका, जोडी आणा

ताई, वीटभट्टीवरची लंगडी गाढवीण मालकाकडून विकत घेऊन तुमच्या गोठ्यात गायींबरोबर ठेवायची, बाकीची गाढवं तिथंच राहतील, आणि खायला काय घालू असं तुम्ही विचारलंय. तुमची तळमळ पोचली. पण खाण्याच्या आधी एक बघा, ती कुणाबरोबर असते? काम सुटल्यावर संध्याकाळी भट्टीवर जाऊन लांबून बघा, गाढवं घट्ट जोडी करून राहतात, चरताना एकत्र, उभं राहताना अंगाला अंग लावून. जोडीदार मागे ठेवून एकटीला टेम्पोत घातलं तर ती धास्तीनं खाणं सोडू शकते आणि गाढवानं खाणं सोडणं म्हणजे सरळ इमर्जन्सी. उपाशी राहिलं की अंगातली चरबी सुटून रक्तात येते, रक्त दुधाळ दिसायला लागतं, मग लिव्हर आणि किडनीवर येतं, याला हायपरलिपिमिया म्हणतात, आणि वेळ गेली की वाचवणं फार अवघड. गाभण, जाड किंवा आधीच आजारी गाढविणीला धोका सगळ्यात जास्त. गाय सोबतीला आहे म्हणून जोडीदाराची जागा भरत नाही. दोन घ्यायची ऐपत नसेल तर तिला तिथंच ठेवून तिथंच उपचार करणं जास्त चांगलं, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आता पैशाचं. तुम्ही रोख दिलेत की मालक पौष पौर्णिमेला जेजुरीला नाहीतर मढीच्या यात्रेत जाऊन दुसरं गाढव आणणार आणि तेच ओझं त्याच्या पाठीवर चढणार. म्हणून आधी त्याच्याशी बोला, आणि त्याला खलनायक समजून बोलू नका, कुंभार, वडार, बेलदार अशा कित्येक घरांची चूल याच जनावरांवर पेटलीय. 2012 ला देशात तीन लाखांवर गाढवं होती, 2019 च्या पशुगणनेत सव्वा लाखाच्या आसपास उरली, त्यामुळे चांगलं जनावर गमावणं त्यालाही परवडत नाही. पाय बरा होईपर्यंत सुट्टी दे, औषधाचा खर्च मी करते, असं म्हणा, बरेच जण ऐकतात. सांगली, सोलापूर भागात अ‍ॅनिमल राहत ही संस्था भट्टीवाल्यांबरोबर असंच काम करते, गाढवांच्या जागी ट्रॅक्टर आणायला मदत करते, त्या भागात असाल तर त्यांना विचारा.

नाहीच ऐकलं तर कायदा आहे. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत गाढवावर जास्तीत जास्त 50 किलो ओझं चालतं, दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांच्या वर नाही, आणि पारा 37 च्या वर गेला की दुपारी 12 ते 3 काम बंद. भाजलेली वीट अडीच-तीन किलोची धरली तर एका खेपेला फार तर सोळा ते वीस विटा बसतात, तुमच्या भट्टीवर किती लादतात ते मोजा, फोटो काढा. लंगड्या जनावराला कामाला लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यातच गुन्हा आहे. तक्रार पोलिसात किंवा जिल्ह्याच्या एसपीसीएकडे (प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था) करायची, रात्रीतून सोडवून आणायचं नाही, ती चोरी होते आणि जनावर परत भट्टीवरच जातं.

जोडी घ्यायची ठरलीच तर साध्या कागदावर लिहून घ्या आणि आणण्याआधी सरकारी डॉक्टरांकडून दोघांची तपासणी करा (1962 वर फोन केला की फिरतं पथक येतं). ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी नक्की करून घ्या, नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर गाठी असतील तर हातच लावू नका, हा रोग माणसाला होतो. धनुर्वाताची लस द्या. गाढवीण गाभण आहे का तेही बघायला सांगा, जवळजवळ वर्षभर पोटात वागवते, त्यामुळे कधीकधी मालकालाही माहीत नसतं.

खायला गव्हाचं काड आणि सुकं गवत, बुरशी नसलेलं, दिवसभर थोडं थोडं. हाडं दिसतात म्हणून मका, पेंड, उसाचं वाढं भरभरून घालू नका, खुरांना सूज येऊन लंगडणं आणखी वाढेल. आणि गायींची गोळी पेंड तर अजिबात नको, काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला चालतं पण गाढवाच्या हृदयाला घातक, म्हणून गव्हाण वेगळी आणि पोती बंद खोलीत. पावसासाठी पक्कं छप्पर आणि कोरडी जमीन लागतेच, घोड्यासारखं गाढवांच्या केसांवरून पाणी ओघळून जात नाही, ती भिजतात.

गाढव दुखणं दाखवत नाही. पोटात दुखलं तर घोडा लोळतो, पाय झाडतो, गाढव मात्र मान खाली घालून कोपऱ्यात उभं राहतं आणि आपण म्हणतो किती शांत आहे. म्हणून पहिले काही आठवडे रोज दोघांचं खाणं आणि लीद बघा, एक वेळ जरी तोंड फिरवलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

लंगडण्याचं कारण बहुतेक खूर वाढलेला किंवा आत पू झालेला असू शकतो. खुरांचे फोटो समोरून, बाजूनं आणि तळवा साफ करून टाका, म्हणजे नालबंद आधी बोलवायचा की डॉक्टर ते सांगता येईल.