गेम जास्त घाबरवतो की पिक्चर?

प्रश्न : माझा भाऊ म्हणतो हॉरर पिक्चरपुढे गेम काहीच नाही. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मला तर गेमच जास्त भयानक वाटतो, आणि त्यासाठी एकच राक्षस दोन्हीकडे बघ ना. १९७९ चा 'एलियन' पिक्चर जबरदस्तच आहे, पण तिथे राक्षसापासून नायिका रिप्ली पळते, आपण खुर्चीत बसून बघतो, आणि डोळे मिटले तरी पिक्चर पुढे सरकतो. २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन' या गेममध्ये तिच्या मुलीला, अमांडाला, आपणच चालवायचं, म्हणजे लपायचं कुठे, बाहेर कधी यायचं सगळं आपल्यावर. तो प्राणी ठरलेल्या वाटेने फिरत नाही, आवाज ऐकून शोधत येतो, हातातल्या ट्रॅकरची, म्हणजे जवळची हालचाल दाखवणाऱ्या यंत्राची, टिकटिक जवळून ऐकली तरी येतो! कपाटात लपून फटीतून बघायचं, श्वास रोखायचा, आणि गेम सेव्ह करायलासुद्धा मशीनपाशी काही सेकंद उभं राहावं लागतं, तेवढ्यात तो मागून मारू शकतो. हातच चालत नाहीत अशा वेळी.

हां, थिएटरमध्ये अख्खं पब्लिक एकदम दचकतं ती मजा पिक्चरचीच. पण भावाला एकदा रात्री हेडफोन लावून हा गेम खेळायला बसव.