बेटाबेटांवरचं शुल्क: पहिल्या सफरीआधी एवढं बघा

कॅरिबियन बेटांतल्या पहिल्या बोट-सफरीत देशोदेशी भराव्या लागणाऱ्या प्रवेश शुल्काबद्दल विचारलंत. सेंट लुशिया ते ग्रेनाडा, मार्ग छान निवडलात! शुल्काची धास्ती नको, घोळ होतो तो कागदांत.

देश सोडताना बोटीच्या निर्गमनाचा (बंदर सोडायच्या परवानगीचा) कागद घ्याच. पुढच्या देशात तो मागतात. पोहोचल्यावर बोटीवर पिवळा झेंडा चढवा, म्हणजे प्रवेशाची परवानगी अजून मिळायची आहे अशी खूण. सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन फक्त कप्तानाने उतरायचं. नवखे इथेच चुकतात, शिक्के बसण्याआधीच सगळे जेवायला किनाऱ्यावर!

- शनिवार-रविवारी किंवा कचेरीच्या वेळेनंतर जादा आकार लागतो. शक्यतो सकाळी पोहोचा.
- पूर्व कॅरिबियन डॉलर रोख ठेवा (१ अमेरिकी डॉलर = २.७०).
- वाटेतल्या टोबॅगो केज या छोट्या बेटांच्या सागरी उद्यानाचं शुल्क वेगळं.

भारतीय पासपोर्ट असेल तर मार्टिनिकला परस्पर वळू नका. बेट फ्रान्सचं, पण शेंगेनमध्ये (युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात) नाही. व्हिसा आधी तपासा.